कुंकू करमुक्त, पॅडवर कर

१/ करांची यादी हाही इतिहासाचा अस्सल दस्तऐवज असतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कुंकू आणि काचेच्या बांगड्या करमुक्त होत्या. सॅनिटरी पॅडवर मात्र १२ टक्के कर होता.

२/ देशभरातील विरोधानंतर जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने जिल्हा परिषद शाळांतील मुलींसाठी ‘अस्मिता’ योजना आणली : ५ रुपयांत ८ पॅड.

३/ ही पावले स्वागतार्हच. परंतु शाळेत पाणी, कडी लागणारे शौचालय आणि वापरलेल्या पॅडच्या विल्हेवाटीची सोय नसेल, तर मुलगी ते चार दिवस घरीच राहील. कर एका अधिसूचनेने जातो. शौचालयाला दरवर्षीची तरतूद लागते. या धोरणाचे यश इतिहासाने त्या तरतुदीवरूनच जोखावे.