तापाच्या गोळीमागचा कोळसा

पावसाळा लागला की आमच्या सरकारी रुग्णालयात तापाच्या रुग्णांची रांग दारापर्यंत जाते. बहुतेकांना पॅरासिटामॉल द्यावेच लागते. मार्च २०२० मध्ये सरकारने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा कच्च्या मालासाठी आपण चीनवर किती विसंबून आहोत, हे सर्वांना कळले.

हा कच्चा माल म्हणजे पॅरा-अमिनोफेनॉल. लोखंडाचा चुरा व आम्ल वापरून तो बनवला की मागे गाळाचे ढीग उरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९९ मध्ये वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. तीत नायट्रोबेंझिनवर आम्लात हायड्रोजनची क्रिया होते आणि उत्प्रेरक असतो कार्बनवर बसवलेला प्लॅटिनम.

असा उत्प्रेरक करताना सच्छिद्र कोळसा धातूच्या क्षाराच्या द्रावणात भिजवतात, मग क्षपण करून धातूचे अतिसूक्ष्म कण त्यावर बसवतात. एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत असतो, म्हणून थोडा धातू पुरतो. कण एकमेकांना चिकटले, तर महागडा धातू वाया जातो. वापरलेला उत्प्रेरक कोरडा पडला, तर हवेत पेट घेऊ शकतो. शिवाय औषधात धातूचा अंश मर्यादेतच राहावा लागतो.

हे काम हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. वाळूज, चिकलठाण्यात औषध कारखाने आहेत, शहरात रसायनशास्त्र शिकणारी मुले आहेत. उत्प्रेरक बनवणे व त्यातला धातू परत मिळवणे त्यांना इथेच शिकवा. औषधांतले स्वावलंबन गोळीच्या पाकिटापासून नव्हे, या कोळशापासून सुरू होते.