मुलांच्या खोलीतला तारा रात्री विझवा

डिसेंबर लागला की वसई-विरारच्या बाजारांत दुकानांबाहेर दोन तऱ्हेचं सामान लटकायला लागतं. एकीकडे कागदी तारे, कंदील, पतंगाच्या कागदाचे गठ्ठे. दुसरीकडे थर्माकोलचे गोळे, चमकी मारलेले प्लास्टिकचे हिमकण, कापसाचे पुंजके आणि नखाएवढ्या सेलवर लुकलुकणाऱ्या खोट्या मेणबत्त्या. शाळांना नाताळची सुट्टी पडते, मोबाइलवर मुलांची खोली सजवण्याचे व्हिडिओ फिरू लागतात आणि घरोघरी कात्री-गोंद बाहेर येतात. हे चांगलंच आहे. आठवडाभर मूल पडद्यापासून दूर बसून कागद घडी घालत असेल, कातरत असेल, गाठी मारत असेल, तर त्याच्या बोटांना आणि नजरेला मिळणारा तो व्यायाम कुठल्याही शिकवणीत मिळत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. ही सजावट जिथे लागते, ती मुलाची झोपायची जागा असते. नालासोपाऱ्यात किंवा विरारमध्ये कित्येक घरांत मुलांना वेगळी खोली नसते. पलंगाचा एक कोपरा, त्यावरची भिंत, फार तर एक खिडकी. तिथे मूल रोज नऊ-दहा तास श्वास घेतं, अंधारात चाचपडतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. दिवाणखान्यात शोभणारी वस्तू मुलाच्या उशाशी चालेलच असं नाही, आणि हिवाळी सजावटीच्या बहुतेक सूचना हा फरक करतच नाहीत.

आधी बर्फाचं बघू. वसईच्या हिवाळ्यात पहाटे केळीच्या बागांवर धुकं उतरतं, अंगावर शाल लागते, यापलीकडे मजल जात नाही. तरी मुलांच्या खोलीत बर्फ मात्र हवा असतो आणि तो येतो कापसाचा. औषधाच्या दुकानातला सुटा कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यात भरपूर हवा खेळती. ठिणगी लागली की तो क्षणात पेट घेतो. आपल्याकडे डिसेंबरातही डास असतात, म्हणजे त्याच कोपऱ्यात कधी कछुआ छाप वळसे जळत असतात, वर मच्छरदाणी असते आणि तिच्यावरून दिव्यांची माळ गेलेली असते. हे तिन्ही एकत्र नकोच. गंमत अशी की कापूस पेटतो म्हणून १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेत नाताळसाठी न जळणारा खोटा बर्फ विकला जायचा, आणि तो असायचा ॲसबेस्टॉसचा. फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरणारे ते तंतू लोक हौसेनं घरात झाडावर शिंपडत होते. आज तो बर्फ मिळत नाही, हे बरंच.

थर्माकोलचा बर्फ तर आपल्या राज्यात कायद्यातच बसत नाही. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये केलेल्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं. आरोग्याच्या बाजूनं त्याची आणखी एक खोड आहे. त्याचा सुटलेला मणी मुलानं नाकात किंवा कानात घातला, किंवा हुंगताना श्वासनलिकेत गेला, तर एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. सुट्या चमकीचंही काही चांगलं सांगता येत नाही. ती प्लास्टिकची भुकटीच आहे, गादीत शिरली की निघत नाही, आणि युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून तिच्या विक्रीवर बंदी आणली आहे.

मग वापरायचं काय? यासाठी व्हिडिओ पाहण्याऐवजी आपल्याच जिल्ह्यात थोडं उत्तरेला पाहावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं तिथल्या मुलांसाठी आणणं शक्य नव्हतं. म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया, आजूबाजूला जे मिळेल त्यातून साधनं केली. मोजणं, जुळवणं, ओवणं, रंग ओळखणं, सगळं त्यावर. स्वस्त म्हणून पत्करलेली ती तडजोड नव्हती. मुलाला ओळखीची असलेली वस्तू हातात आली की ते तिच्याशी जास्त वेळ रमतं, हा त्यामागचा विचार होता. आपल्या नाताळच्या ताऱ्यातही तेच आहे. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद. वसईच्या गावांतून गोठे उभे राहतात तेव्हा गवत, माती, झावळ्या गावातल्याच असतात. भुईगाव-राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूची बोंडं पडलेली असतात, बागेत केळीचं सोपट वाळत असतं. सोपटाच्या धाग्यात शिंपले ओवून खिडकीवर टांगले तर त्याला वसईचा हिवाळा म्हणता येईल.

पण इथे एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज फार पक्का आहे. कुंपणावरच्या वेलीवर शेंगा तडकून दिसणाऱ्या लालभडक, काळ्या ठिपक्याच्या गुंजा सजावटीला इतक्या सुंदर दिसतात की कुणालाही मोह व्हावा. त्यांत अ‍ॅब्रिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. गुंज अख्खी गिळली तर तिच्या टणक सालीमुळे ती बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. पण माळेत ओवण्यासाठी तिला भोक पाडलं की ती साल फुटते. म्हणजे ओवलेली गुंज ही वेलीवरच्या गुंजेपेक्षा जास्त धोकादायक. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या खेळात आपण सगळ्यांनी हाताळल्या असतील, पण त्या बीमधलं विष हृदयाचे ठोके बिघडवतं. एरंडाच्या चित्रविचित्र बियाही त्याच पंक्तीतल्या. या तिन्ही गोष्टी लहान मुलांच्या खोलीत कुठल्याही रूपात नकोत.

बाकी बियांबाबत वय पाहावं. वाटाणा, राजमा, हरभरा हे कागदावर चिकटवून चित्रं करायला छान, पण तीन वर्षांखालच्या मुलानं तो दाणा नाकात घातला तर ओलाव्यानं तो तिथेच फुगतो आणि काढणं अवघड होत जातं. खेळण्यांच्या तपासणीत लहान भाग ओळखायला सुमारे सव्वा इंच व्यासाची एक नळी वापरतात. तीत जी वस्तू पूर्ण मावते ती तान्ह्याच्या घशात अडकू शकते, असं मानतात. सुरूचं बोंड त्या नळीत आरामात मावतं. घरात मोठी ताई हे सगळं करत असेल आणि धाकटा रांगत असेल, तर उरलेलं सामान रोज डब्यात बंद व्हायला हवं.

आता त्या लुकलुकणाऱ्या मेणबत्त्यांकडे येतो. माझ्या मते या सगळ्या बाजारातली सर्वांत धोकादायक वस्तू तीच आहे, आणि ती सर्वांत निरुपद्रवी दिसते. खरी ज्योत नाही, भाजायचं भय नाही, म्हणून आईबाप ती निःशंक मुलाच्या उशाशी ठेवतात. तिच्या बुडात बहुतेक वेळा ‘सीआर २०३२’ छापलेला चपटा सेल असतो. त्या आकड्याचा अर्थ व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, आणि लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला नेमका तेवढाच. नाणं अडकलं तर डॉक्टरांना थोडी सवड असते, सेलच्या बाबतीत ती नसते. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तरातून तीन व्होल्टचा प्रवाह सुरू होतो आणि सेलच्या ऋण बाजूला अल्कली तयार होऊ लागतं, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखं दाहक द्रव्य. सेल फुटावा, गळावा लागत नाही. दोन तासांत खोल जखम होऊ शकते, पुढे अन्ननलिकेला भोक पडून शेजारच्या रक्तवाहिनीपर्यंत ती पोहोचू शकते. मेणबत्ती पेटेनाशी झाली म्हणून काढून ठेवलेला ‘संपलेला’ सेलही एवढं करायला पुरेसा असतो.

लक्षणं फसवी असतात. लाळ गळणं, जेवण नाकारणं, खोकला, थोडी उलटी. मुलानं गिळताना कुणी पाहिलं नसेल तर सर्दी-खोकला समजून एक रात्र जाते. शंका आली तरी थांबू नये. थेट अशा रुग्णालयात जावं जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीनं वस्तू काढण्याची सोय आहे. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, त्यावरून तो नाण्यापासून वेगळा ओळखता येतो. मुलाला उलटी करायला लावू नये, खायला-प्यायला काही देऊ नये. याला अपवाद एकच आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. मूल एक वर्षावरचं असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मधानं ही भाजणी मंदावते असं दिसलं. वाटेतला वेळ भरून काढण्यापुरता हा उपाय आहे. मध शोधण्यात निघायला उशीर होत असेल तर तो राहू द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. सजावटीची मेणबत्ती मात्र खेळणं म्हणून विकली जात नाही आणि तिचं झाकण पुष्कळदा नखानं उघडतं. हे झाकण स्क्रूनं बंद असलंच पाहिजे, अशी सक्ती सगळ्याच सेलवरच्या वस्तूंना लागू करण्यात काय अडचण आहे, ते मला कळत नाही. अमेरिकेनं एका तान्ह्या मुलीच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये तसा कायदा केला. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू लहान मुलाच्या घरात आणायची नाही.

उरला प्रकाश. दिव्यांची माळ रात्रभर चालू ठेवली की मुलाला भीती वाटत नाही, असं पालक सांगतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या छत्तीस मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोपण्याआधीच्या तासात मुलांवर वेगवेगळ्या तीव्रतेचा प्रकाश पाडला आणि लाळेतून मेलाटोनिन मोजलं. शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं हे संप्रेरक. तीव्र उजेडानं ते दबणार हे अपेक्षितच होतं. पण अगदी मंद, पाच ते चाळीस लक्स इतक्या प्रकाशातही ते सरासरी ७८ टक्क्यांनी घटलं. पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सपेक्षाही कमी भरतं, यावरून त्या उजेडाची कल्पना यावी. लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यातलं भिंग स्वच्छ, त्यामुळे आपल्याला मंद वाटणारा दिवा त्यांच्या मेंदूपर्यंत जोरात पोहोचतो. त्यातही निळसर-पांढरा प्रकाश जास्त त्रासाचा, कारण डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूला दिवस-रात्र कळवतात, त्या निळ्या प्रकाशालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. ‘हिमशुभ्र’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माळा नेमक्या त्याच रंगाच्या असतात.

यावर उपाय जुनाच आहे. तारा घराबाहेर टांगायचा, सज्जात किंवा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला. वसईच्या गावांतून तो असाच, पडवीत किंवा झाडावर लागतो. आत हवाच असेल तर पिवळसर, मंद, आणि मूल अंथरुणात शिरायच्या तासभर आधी बंद. भीती वाटणाऱ्या मुलासाठी जमिनीलगत तांबूस रंगाचा अगदी बारीक दिवा पुरतो. माळेची वायर आणि लोंबणाऱ्या दोऱ्या पलंगावरून हात पोहोचणार नाही इतक्या दूर असाव्यात. गळ्याला फास बसायला लांब दोरी लागत नाही.

धुळीचं थोडक्यात. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ तिथेच घुटमळते. ज्या मुलाला दमा किंवा सकाळच्या शिंका आहेत त्याच्या पलंगावर झालरी, कापूस, फर, मऊ खेळण्यांची रांग नको. गुळगुळीत कागदाच्या चार वस्तू, आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसता येतील अशा भिंतीवर, एवढं पुष्कळ. चिकटवायला कणकेची खळ उत्तम, फक्त ती टिकावी म्हणून पूर्वी घालत तसं मोरचूद त्यात घालू नका. ते विषारी आहे. साध्या खळीला झुरळं येतात आणि झुरळांमुळे दमा बळावतो, हेही खरं. म्हणून ही सजावट जपून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर, फार तर संक्रांतीला, कागद-खळ-सोपट उतरवून खतात टाकावं, शिंपले धुऊन ठेवावेत. पावसाळ्यापर्यंत माळ्यावर राहिलेल्या पुठ्ठ्याला वसईच्या दमट हवेत बुरशी येते, आणि पुढच्या डिसेंबरात तोच खोका मुलाच्या पलंगावर उघडला जातो.