विणणं चालतं, मग वाचणं का नाही?

हिंगोली जिल्ह्यातल्या गावांमधून कामासाठी फिरताना माझ्या पिशवीत दोन गोष्टी हमखास असतात. एक कवितेचं पुस्तक आणि दुसरं, सुयांवर चढवलेलं लोकरीचं विणकाम. एस.टी.ची वाट बघताना सुया काढल्या की शेजारची बाई लगेच विचारते, "कोनासाठी करायलात ताई?" पुस्तक काढलं तर प्रश्न बदलतो. "परीक्षा हाय का काही?"

या दोन प्रश्नांत बाईच्या फुरसतीचा सगळा हिशोब आला. विणकाम चालतं, कारण ते दुसऱ्या कोणासाठी असतं. भाचीचं टोपडं, सासऱ्यांची मफलर, दाराचं तोरण. पुस्तकही चालतं, पण परीक्षेपुरतं. निव्वळ स्वतःला आवडतं म्हणून बाई काही करते, हे मात्र कोणाला पटत नाही. पुष्कळदा तिचं तिलाही नाही.

खरं तर सुई आणि शब्द यांची सोबत आमच्या भागाला नवी नाही. नर्सी हे संत नामदेवांचं गाव आमच्याच जिल्ह्यात. नामदेव शिंपी. त्यांच्या घरातल्या बायकांच्या नावावरही अभंग आहेत. आई गोणाईच्या, बायको राजाईच्या, आणि गंगाखेडहून त्या घरी आलेल्या दासी जनाबाईच्या. राजाईच्या नावावरच्या अभंगांत तर संसाराच्या ओढाताणीची रोखठोक तक्रार आहे.

या परंपरेचा मला अभिमान आहे. पण तिचं कौतुक करताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. बायका दळता-कांडता गायल्या, कारण गाण्यासाठी वेगळा वेळ त्यांना कोणी दिलाच नव्हता. हेमा रायरकर आणि गी पॉटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली म्हणून 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. ज्यांच्या घरात असं उतरवून घेणारं कोणी नव्हतं, त्यांच्या ओव्या त्यांच्याबरोबरच गेल्या.

आता गावोगाव गिरण्या आहेत. जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीही थांबली. दळणाचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, तो वाचलेला वेळ गेला कुठे? बाईच्या वाट्याला तो आलेला मला दिसत नाही. तो शेतात गेला, मजुरीत गेला. वसमतकडे हळदीचा हंगाम सुरू झाला की काढणी, शिजवणी, वाळवणी यांत बायकांची बोटं आठवडेच्या आठवडे पिवळी असतात. हाताचं काम वाढलं आणि तोंडातलं गाणं गेलं.

हा प्रश्न फक्त गरिबीचा आहे असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्नीला, रमाबाईंना, शिकवायला घेतलं तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांचा किती छळ केला, हे रमाबाईंनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहून ठेवलंय. ते घर खाऊनपिऊन सुखी होतं. सलणारी गोष्ट एकच होती. पुस्तक हाती घेतलेली बाई तेवढा वेळ कोणाच्याच उपयोगाची नसते.

आपल्या कामातही ही उपयोगाची भाषा शिरली आहे. बचत गटात कोणी "मला विणायला आवडतं" म्हटलं की आपण लगेच विचारतो, ऑर्डर मिळेल का, माल कुठे खपेल? बाईच्या हाती स्वतःचा पैसा हवाच. त्यासाठीच तर मी रोज बँकेच्या पायऱ्या झिजवते. पण पारावर दुपारभर पत्ते कुटणाऱ्याला "यातून उत्पन्न किती?" असं कोणी विचारत नाही. मग बाईच्या आवडीला तेवढा हिशोब का?

मला शब्दांचं वेड आहे म्हणून एक शब्द पुढे ठेवते. 'वीण' म्हणजे धाग्यांची गुंफण, आणि 'वीण' म्हणजे प्रसवणंही. इंदिरा संतांच्या कवितासंग्रहांची नावं पाहा. एक 'शेला', दुसरा 'गर्भरेशीम'. विणणं, जन्म देणं आणि कविता करणं ही एकाच जातीची कामं आहेत, हे आपल्या भाषेला केव्हाच कळलंय. घराला मात्र यातली पहिली दोनच मान्य आहेत.

मग करायचं काय? सरकारमान्य वाचनालयांना 1967 च्या ग्रंथालय कायद्याने अनुदान मिळतं. पण वाचनालय भर चौकात, पुरुषांच्या घोळक्यात, आणि उघडं असतं ते बाई चुलीपुढे असते त्या वेळी. अशा ठिकाणी बायकांसाठी दुपारचा एक तास मागायला हवा. जिथे वाचनालयच नाही, तिथे गटाच्या बैठकीत पुस्तकांची पेटी न्यावी. माझ्या एका गटात आम्ही हे सुरू केलंय. हप्ते, वसुली, सह्या झाल्या की एक मुलगी मोठ्याने वाचते. बाकीच्यांचे हात गोधडीवर, नाहीतर लोकरीवर. एका गोष्टीतली सासू ऐकून एक बाई म्हणाली, "ह्या बाईला माझी सासू कुटं भेटली वं?" सगळ्याजणी हसल्या. नंतर बराच वेळ कोणीच उठेना.

त्या अर्ध्या तासाचा हिशोब वहीत लिहायला रकाना नाही. तो अर्धा तास तरीही कोणत्याच बैठकीतून वगळू नये, एवढंच माझं म्हणणं. तुमच्या गावात हे कसं जमेल, ते जरूर कळवा.