कुत्र्याची पदवी

(द्वितीय वर्ष, कला)

वरचे शीर्षक वाचून मित्रमंडळी हसतील आणि सर-मॅडम कपाळाला आठ्या घालतील, याची मला कल्पना आहे. पण मित्रहो, कुत्र्यांनाही पदव्या असतात. त्यांच्या परीक्षा होतात, शंभरपैकी गुण मिळतात, उत्तीर्ण व्हायला सत्तर गुण लागतात (आपल्याकडे किती लागतात ते सांगायला नको), आणि त्या परीक्षेत न बसलेल्या कुत्र्याची पैदास जाणती माणसे करीत नाहीत. ही गोष्ट मला गेल्या कार्तिकापर्यंत ठाऊक नव्हती. ती ठाऊक नसल्याची किंमत आमच्या घराने नऊ कोकरांत मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही माण तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळी झाली की आमचा वाडा घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरतो आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतो. वाटेत लोकांच्या शेतात मेंढरे बसवायची, रात्री वाघर लावायची आणि वाघरीबाहेर कुत्री. आमच्या कुत्र्यांना कसलेही नाव नाही, म्हणजे जातीचे नाव नाही. हाक मारायला वाघ्या, चांदी, मोत्या अशी नावे आहेत. लांडगा आला तर त्याच्यावर जायचे आणि कोकरू अंगावर चढले तरी गुरगुरायचे नाही, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम.

बारावीची परीक्षा देऊन मी घरी आलो त्या उन्हाळ्यात चांदी माजावर होती. आमचा वाघ्या म्हातारा झाला होता. आबा शेजारच्या वाड्यावरचा एक नर दाखवणार होते. तो दिसायला अगदीच सामान्य, एक कान फाटलेला. मी म्हणालो, "आबा, तालुक्याच्या गावात एकाकडे जर्मन शेफर्ड आहे. त्याचे कागद आहेत. बापाचे, आज्याचे, सगळ्यांचे." मी स्वतः जाऊन कागद पाहून आलो होतो. वंशावळीत तीन ठिकाणी 'चॅम्पियन' लिहिलेले होते. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, त्यामुळे मी वाचले तेच खरे ठरले. दोन मेंढे विकून आबांनी आठ हजार रुपये भरले.

पिले दिसायला अशी झाली की वाटेतली माणसे थांबून बघत. दोन आम्ही ठेवली. गेल्या उन्हाळ्यात वाघ्या मेला आणि राखणीचा भार या दोघांवर आला. कार्तिकात घाट उतरण्याआधीच्या एका मुक्कामी रात्री लांडगे आले. त्यांतला एक सामानाच्या बाचक्यांमागे जाऊन बसला. दुसरा भुंकला खरा, पण लांडग्यावर न जाता मेंढरांकडेच धावला. मेंढरे बिथरली, वाघर तुटली, कळप फुटला. म्हातारी चांदी एकटी कुठे कुठे पुरणार? सकाळी मोजदाद केली तेव्हा नऊ कोकरे गेलेली. काही लांडग्यांनी नेलेली, काही चेंगरलेली. मी तेव्हा सहामाही परीक्षेसाठी इथे वसतिगृहात होतो. आबा मला फोनवर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आरं, कागूद बघून लांडगा पळतोय व्हय?"

त्यानंतर मी ग्रंथालयात बसलो, मोबाईलवर चित्रफिती पाहिल्या, आणि मला कळले की मी वाचलेला 'चॅम्पियन' हा शब्द बरोबर होता, पण तो कशातला चॅम्पियन हे मी विचारलेच नव्हते. तो प्रदर्शनातला होता. रिंगणात धावून दाखवायचे, उभे राहून दाखवायचे, परीक्षक दात, पाठ, रंग पाहणार. त्यात लांडगा नाही, मेंढरू नाही आणि रात्रही नाही.

गंमत अशी की, ज्या जातीचा मी आंधळा भक्त झालो होतो ती जात मुळात मेंढपाळांच्याच कुत्र्यांतून तयार झालेली आहे. जर्मनीत माक्स फॉन स्टेफानिट्स नावाचा एक घोडदळातला कप्तान होता. १८९९ साली त्याने कार्ल्सरूहे येथे मेंढ्यांमागे काम करणाऱ्या कुळीतला एक कुत्रा पाहिला, विकत घेतला, त्याचे नाव होरांड ठेवले आणि त्याच वर्षी जर्मन शेफर्डचा संघ काढला. संघाच्या नोंदवहीत होरांडचा क्रमांक पहिला. या गृहस्थाचा आग्रह एकच होता: कुत्रा देखणा असो वा नसो, कामाला उपयोगी पडला पाहिजे. पुढे कारखानदारी वाढली, मेंढ्या कमी झाल्या, कुत्र्याला हाकायला कळप उरेना. तेव्हा त्याची कुवत तपासायला विसाव्या शतकाच्या आरंभी एक परीक्षा रूढ झाली. तिला 'शुट्झहुंड' म्हणत. २०१९ पासून तिचे नाव 'आय.जी.पी.' असे आहे.

या परीक्षेचे तीन विषय. पहिला माग काढणे. माणूस शेतातून चालून गेलेला असतो, त्याच्या पावलांच्या वासावरून नाक जमिनीला लावून कुत्र्याने जायचे आणि वाटेत टाकलेल्या वस्तू दाखवायच्या. दुसरा आज्ञापालन. मालकाच्या पायाशी चालणे, अडथळ्यावरून उडी मारून वस्तू आणणे, बंदुकीचा आवाज झाला तरी न बिचकणे. तिसरा संरक्षण. हातावर जाड आवरण घातलेला मदतनीस लपून बसतो. कुत्र्याने त्याला शोधायचे, तो स्वस्थ उभा असेल तर नुसते भुंकायचे, चावायचे नाही; तो अंगावर आला तर मात्र धरायचे, आणि मालकाने 'सोड' म्हटले की त्या क्षणी सोडायचे. मला स्वतःला यातले हे 'सोडणे' सगळ्यांत अवघड वाटते. चावणारी कुत्री आपल्या गल्लीत हवी तितकी आहेत.

प्रत्येक विषयाला शंभर गुण. शिवाय त्याआधी रहदारीत, अनोळखी माणसांत कुत्रा शांत राहतो की नाही याची वेगळी प्रवेशपरीक्षा. आणि संघाच्या पैदास-निवडीसाठी वीस किलोमीटरची दौड व खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे क्ष-किरण फोटो. या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक आहे. तो पिलू असताना दिसत नाही, म्हणून फोटो. एवढे सगळे झाल्यावर मग पिलांची गोष्ट.

हे वाचून मी आधी भारावून गेलो. आपल्याकडेही असेच पाहिजे, पदवी नाही तर पैदास नाही, असा लेख लिहायचे मी ठरवले होते. तो लेख हा नव्हे. कारण जसजसे खोलात गेलो तसतशा अडचणी दिसू लागल्या, आणि त्या अडचणी त्या देशांतल्या लोकांनाही आहेत.

पहिली अडचण वेळेची आणि पैशाची. अठरा महिन्यांचा होईपर्यंत कुत्रा त्या परीक्षेच्या पहिल्या पायरीलाही बसू शकत नाही. तोवर आठवड्यातून कित्येक दिवस मैदान, शिकवणारा, जाणता मदतनीस हवा. मदतनीस अडाणी असेल तर चांगला कुत्रा कायमचा बिघडतो. मादी असेल तर ती ऐन परीक्षेच्या वेळी माजावर येऊ शकते. नोकरी सांभाळून हे करणारा माणूस एका कुत्र्यावर दोन वर्षे घालवतो. उलट, पदवीच्या भानगडीत न पडता पिले विकणारा त्याच दोन वर्षांत पिलांवर पिले विकून मोकळा होतो. घेणाऱ्याला दोन्ही पिले सारखीच गोंडस दिसतात. मग प्रामाणिकपणाने वागणाऱ्याचे नुकसानच झाले की नाही?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. परीक्षा कुत्र्याची होते की शिकवणाऱ्याची? हुशार शिक्षक मध्यम कुत्र्यालाही घोकून घोकून पास करून नेतो. गाईड वाचून पास होणाऱ्या आम्हांला हे कुणी समजावून सांगायला नको! आणि शिकवलेले रक्तात उतरत नाही. पिलाकडे जाते ते धैर्य, नाकाची तीक्ष्णता, माणसाबरोबर काम करण्याची ओढ. नेमके तेवढेच वेगळे काढून गुण कसे द्यायचे? परीक्षा घरच्याच मैदानावर, ओळखीच्या मदतनिसासमोर झाली असेल तर सत्तर गुणांचा अर्थ आणखीच पातळ होतो.

तिसरी अडचण देखणेपणाची. संघात प्रदर्शनाचे आणि कामाचे असे दोन प्रवाह पडले, आणि आज जर्मन शेफर्डच्या या दोन कुळी पाहिल्या तर वेगळ्या जाती वाटाव्यात. २०१६ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात उतरत्या पाठीच्या, मागचे पाय ओढल्यासारखे टाकणाऱ्या एका जर्मन शेफर्डला त्या जातीतले पहिले बक्षीस मिळाले आणि मोठा गदारोळ झाला. ज्याचे आजे-पणजे दिवसभर मेंढ्यांभोवती फिरत, त्याची ही दशा.

या बाबतीत मला ब्रिटनचे मेंढपाळ शहाणे वाटतात. वेल्समधील बाला येथे १८७३ साली त्यांनी मेंढ्या हाकण्याच्या शर्यती सुरू केल्या, १९०६ साली आपली संस्था काढली आणि बॉर्डर कोली कुत्रा कामावरूनच ओळखला. त्याचा रंग कोणता, कान उभे की पडलेले, याला त्यांनी महत्त्व दिले नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. वंशावळीचे कागद नसलेला कुत्राही केवळ कामाच्या गुणावर त्यांच्या नोंदवहीत शिरू शकतो, अर्थात परीक्षा आणि आरोग्यतपासणी झाल्यावर. अमेरिकेत १९९५ साली तिथल्या केनेल क्लबने बॉर्डर कोलीला प्रदर्शनाच्या यादीत घेतले तेव्हा कामकरी कुत्रे पाळणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांची भीती काय होती, ते मी नऊ कोकरे गमावल्यावर समजू शकतो. तरी त्यांचेही सगळे आलबेल नाही. १९६५ चा विजेता व्हिस्टन कॅप हा कुत्रा इतका गाजला की, जो तो त्याच्याकडेच माद्या नेऊ लागला आणि त्याचे रक्त आज जिकडे तिकडे आहे. सगळे पहिल्या नंबराच्याच मागे लागले की बाकीच्या कुळी बुडतात आणि दोष असला तर तोही घरोघर पोचतो.

आता आमच्या कुत्र्यांकडे येतो. वरच्या दोन्ही परीक्षा त्यांना लागू पडत नाहीत. आमचे कुत्रे मेंढ्या हाकत नाहीत, माणसाच्या हातावरचे आवरण धरत नाहीत. ते राखण करतात. राखणीची परीक्षा मैदानावर घेता येत नाही, कारण लांडग्याला परीक्षक म्हणून बोलावता येत नाही. (शिवाय १९७२ च्या कायद्याने तो संरक्षित प्राणी आहे, आणि तसा तो असावा हे माझेही मत आहे. मेंढरे त्याचीही भूक आहे.) राखणदार कुत्र्याचे शिक्षणही वेगळे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, पिलू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ज्यांच्या संगतीत राहते त्यांना ते आपले मानते. आमची आजी पिलांना डोळे उघडताच कोकरांच्या डालाशेजारी ठेवायची. तिने काही ग्रंथ वाचला नव्हता. आणि मी? ती दोन पिले सुंदर म्हणून पहिले दोन महिने घरात, खाटेखाली वाढवली. तेव्हा सगळा दोष त्या कागदवाल्या बापावर टाकून मला मोकळे होता येणार नाही.

आपल्या देशात २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम झाले. पैदास करणाराने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकू नये, असे त्यांत आहे. ते योग्यच आहे. परंतु पिलाचे आईबाप काय काम करतात, हे त्यांत कोणी विचारीत नाही. मुधोळ कुत्र्याचे २००५ साली टपाल तिकीट निघाले, २०१६ साली लष्कराने मेरठला त्याची पिले शिकवायला घेतली, चांगले झाले. आमच्या दहिवडीला शासनाचे मेंढ्यांचे प्रक्षेत्र आहे, तिथे जातिवंत मेंढे जोपासले जातात. त्या मेंढ्यांची राखण करणाऱ्या कुत्र्याची मात्र कुठल्याच दप्तरात नोंद नाही.

माझे म्हणणे असे आहे की, आपल्याला परकी परीक्षा जशीच्या तशी आणून भागणार नाही, आणि परीक्षाच नको असेही म्हणता येणार नाही. आबांची एक परीक्षा होती, मला ती दिसली नव्हती. ज्याचा कान फाटला होता तो नर पाच वर्षे वाड्यावर राखणीला होता. कान लांडग्यानेच फाडला होता. आबांच्या लेखी ते प्रमाणपत्र होते. दोन वर्षांचा झाल्याशिवाय नर दाखवायचा नाही, कोकरू तोंडात धरलेल्या मादीची पिले ठेवायची नाहीत, असे त्यांचे नियम आहेत. फक्त ते लिहिलेले नाहीत, त्यामुळे या वाड्यावरचे त्या वाड्याला कळत नाही, आणि माझ्यासारखा चार बुके शिकलेला पोरगा ते सहज मोडून टाकतो. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेला सगळीकडचे वाडे भेटतात. तिथे एखादा पशुवैद्यक आणि दोन-चार जुनी माणसे बसली आणि कुठल्या कुत्र्याने किती हंगाम राखण केली, त्याचे पाय कसे आहेत, त्याची पिले पुढे कशी निघाली, एवढे एका वहीत उतरवून ठेवले, तर खर्च वहीचाच आहे. मदतनीस नको, मैदान नको. कागद मात्र हवा. पण तो कामानंतर आलेला हवा.

तशी एक वही मी शंभर पानी घेतली आहे. चांदीच्या आधीच्या वेतातली मैना नावाची मादी मामांच्या वाड्यावर होती, ती नाताळच्या सुट्टीत आम्ही परत आणली. परवा धाकट्या भावाचा रायगड जिल्ह्यातून फोन आला. रात्री कोल्हे आले होते, मैना वाघरीबाहेर गेली आणि भुंकत राहिली, मेंढरे उठलीसुद्धा नाहीत. आबांना मी विचारले, वहीत काय लिहू? ते म्हणाले, "आताच काय लिवू नगंस. कोल्हंच हुतं. लांडगा यिऊ दे."

पान कोरे ठेवले आहे.