वडिलांची डुक्कर फियाट

घरच्या वृद्धांनी जपलेली जुनी फियाट ११०० विकण्याची घाई आपण करीत असाल, तर किंचित थांबावे. पुढची दारे उलटी उघडणारी १९५०च्या दशकातील ती 'डुक्कर फियाट' आजही संग्राहक शोधीत असतात. तिचे मोल चकाकीवर नव्हे, अस्सलपणावर ठरते. इंजिन व चासी यांचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळवून पाहावेत. पत्र्यावरून लोहचुंबक फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे पुट्टी भरलेली समजावी. नवा रंग देण्याचा मोह (मुलांना तो फार होतो) टाळावा. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या, मूळ रूपातील गाडीस २०२१च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. मात्र नित्याच्या वापरासाठी ती चालविता येत नाही.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून वडिलांना बसू देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होणे, मळमळणे ही वयाचीच तक्रार वाटून दुर्लक्षिली जाते. दार उघडे ठेवून त्यांनी गाडी खुशाल पुसावी.

आणि विक्रीचा विषय त्यांच्यासमोरच काढावा. गाडी त्यांच्या नावावर आहे. सहीही त्यांचीच लागेल.