श्रेय यंत्राचे की कबुलीचे?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवरील अमेरिकी बॉम्बहल्ले ‘मस्टँग’ विमानाने तारले, असे सर्रास लिहिले जाते. या विधानास आमचा स्पष्ट आक्षेप आहे. त्यात यंत्राचा गौरव होतो आणि माणसांचा हट्ट झाकला जातो.

बॉम्बफेकी विमाने स्वतःच्या मशीनगनच्या बळावर लक्ष्य गाठतील, त्यांना संरक्षकांची गरज नाही, हा सिद्धान्त १९३० च्या दशकात अमेरिकी हवाईदलाच्या विद्यालयात रुजला. त्याची किंमत १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टवर मोजावी लागली. निघालेल्या २९१ विमानांपैकी ६० परतली नाहीत. प्रत्येकात दहा माणसे होती. संरक्षक लढाऊ विमाने इंधन पुरणार नाही म्हणून वाटेतूनच माघारी वळली होती.

उपाय अज्ञात होता काय? वापरून फेकून द्यावयाची इंधनटाकी जपानच्या ‘झीरो’ विमानांनी १९४० मध्येच चीनवर वापरली होती!

मस्टँगवाचून बर्लिनपर्यंत साथ देणे अवघड होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जानेवारी १९४४ मध्ये जनरल डूलिटल यांनी लढाऊ विमानांना बॉम्बफेकी विमानांची सोबत सोडून शत्रूवर तुटून पडण्याची मुभा दिली. हा बदल यंत्राचा नव्हे, विचाराचा होता.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हे नवे नाही. नवे यंत्र मागविणे सोपे. नस्तीवर ‘आमचे चुकले’ असा शेरा लिहिणे कठीण. तो वेळीच लिहिला जात नाही, तेव्हा किंमत मात्र दुसरेच मोजतात.