आधी मे महिन्याची विहीर बघा

प्रति,
माननीय प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

फाल्गुन सरता सरता कोकणातल्या वर्तमानपत्रांचे जिल्हा पान दरवर्षी जवळपास सारखेच दिसते. पालखी कोणत्या वाडीत कधी नाचणार, मोहोर टिकला की गळला, कुठल्या सड्यावर वणवा लागून कलमे होरपळली आणि यंदाचा पहिला टँकर कोणत्या तालुक्यात सुरू झाला. अलीकडे त्याच पानावर खाली एक जाहिरातही असते: समुद्र दिसणारा बंगला, शांत हवा, निवृत्तीनंतरचे हक्काचे घर. वर टँकर आणि खाली बंगला, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. ही ओळख करून देण्याचे काम आपल्या खात्याचे आहे, म्हणून हे पत्र.

मार्च २०२४ मध्ये शासनाने पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. नियोजन सिडकोने करावे की स्थानिक संस्थांनी, यावर कोकणात वाद झाला आणि तो रास्त आहे. माझा प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. आराखडा कोणीही काढो, एखाद्या गावात आणखी किती घरे मावतील याचा हिशोब वर्षातल्या कोणत्या महिन्यात मांडायचा? माझे म्हणणे एवढेच, की तो मे महिन्यात मांडावा.

किनाऱ्यावर निवृत्तांची वस्ती ही बिल्डरांनी शोधून काढलेली कल्पना नाही. चाकरमानी उमेदीची वर्षे मुंबईत काढतो आणि फंडाचे पैसे घेऊन गावच्या घरावर नवी कौले चढवतो, हे गिरण्यांच्या काळापासून चालत आले आहे. जनगणनेत त्याच्या खुणा स्पष्ट आहेत. २००१ ते २०११ या दशकात राज्य वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तेव्हा राज्याचे प्रमाण ९२९ होते. कमावती माणसे बाहेर आणि म्हातारी माणसे घरात, असा हा प्रदेश आहे. त्यात आता ज्यांचे इथे मूळ गावही नाही असे निवृत्त लोक घरे घेत आहेत. त्यांना माझा विरोध नाही. उलट बारा महिने राहणारे पेन्शनर जोडपे, शनिवारी दिवा लावून रविवारी कुलूप घालणाऱ्या बंगलेवाल्यापेक्षा गावाला कितीतरी अधिक उपयोगी. ते दूध घेते, वाण्याकडे खाते ठेवते, ग्रामसभेला येते (आणि तिथे जरा जास्तच बोलते).

पण गावात माणसे किती, हे कागदावर ठरते जनगणनेने, आणि २०११ ची मोजणी झाली फेब्रुवारीत, म्हणजे शिमग्याला गाव भरण्याच्या आधी. पुढची मोजणीही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे. शिमगा, आंब्याचा हंगाम आणि मेची सुट्टी या तीन लाटांत गाव फुगते आणि नेमक्या त्याच वेळी विहिरीचा तळ दिसू लागतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात टँकर का, असे घाटावरचा माणूस आश्चर्याने विचारतो. उत्तर जांभ्यात आहे. सच्छिद्र कातळातून पाणी झपाट्याने झिरपते, उतारावरच्या झऱ्यांतून आणि वहाळांतून समुद्राला मिळते आणि गावासाठी फार थोडे मागे राहते. किनाऱ्याजवळ उपसा वाढवला, तर विहिरीत गोड्या पाण्याच्या जागी मचूळ पाणी चढते. ते एकदा चढले की सहजी उतरत नाही.

आता साधे त्रैराशिक मांडू. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर. हजार वस्तीच्या गावाची योजना म्हणजे दिवसाला ५५ हजार लिटर. त्याच गावाच्या सड्यावर शंभर बंगले झाले, प्रत्येकात दोनच माणसे धरली आणि त्यांना शहरी मापाने १३५ लिटर दिले, तर २७ हजार लिटर लागतात. म्हणजे दोनशे माणसांना हजार माणसांच्या वाट्याच्या जवळजवळ निम्मे पाणी, आणि यात हिरवळ आणि पोहण्याचा तलाव धरलेला नाही. हे पाणी दोघे एकाच कातळातून उपसणार, एक सार्वजनिक विहिरीतून आणि दुसरा खोल बोअरवेलमधून. कोणाचे आधी आटेल, हे सांगायला भूगर्भतज्ज्ञ लागत नाही.

ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि महारेराने २०२४ मध्ये त्यांच्या आधारे नियम केले. दारे चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद हवीत, उतार हवेत, लिफ्ट हवी. हे चांगलेच झाले. पण या नियमांचे मुख्य लक्ष आवाराच्या आत आहे आणि म्हातारपणातल्या मोठ्या अडचणी फाटकाबाहेर उभ्या असतात. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात. २०१८ च्या आरंभी गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले, ते उगाच नव्हे.

घरांचा हिशोब मे महिन्यातल्या पाण्यावर मांडा, या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो जमीनमालकाचा: आंबा दगा देतो, मुले मुंबईत आहेत, सड्याला आता कुठे भाव आला आहे, तर शासनाने आडवे का यावे? हा आक्षेप खरा आहे आणि त्यामागचे कष्टही खरे आहेत. मात्र मी विक्री अडवायला सांगत नाही. रस्त्याची रुंदी कमी भरली तर रेखांकन आजही मंजूर होत नाही, आणि त्याला कोणी मालकी हक्कावरचा घाला म्हणत नाही. पाण्याची अट त्याच जातीची आहे. मालक आपली जमीन विकतो, शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा त्याच्या सातबारावर नसतो.

दुसरा आक्षेप असा, की धरणांतून पाणी आणता येईल. कोयनेची वीज तयार झाल्यावर वाशिष्ठीतून समुद्राला मिळणाऱ्या ६७.५ टीएमसी पाण्याची चर्चा तर वर्षानुवर्षे चालू आहे. ते जरूर आणावे. पण परवानगी आज आणि नळ कधीतरी, या क्रमात मधली सगळी वर्षे टँकर पुरवतो. शिवाय किनाऱ्यापर्यंत पाणी उपसून आणले तरी पंपाचे वीजबिल ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते.

तिसरा आक्षेप जास्त नेमका आहे: एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहेच, मग नवे काय? नवे हे, की जांभ्यात खड्डा करून जुलैत मुरवलेले पाणी मार्चपर्यंत तिथे थांबेलच असे नाही. इथे पाणी मुरवून भागत नाही, ते साठवावे लागते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. दोन माणसांना १३५ लिटरप्रमाणे फेब्रुवारीच्या आरंभापासून मध्य जूनपर्यंतचे १३५ दिवस काढायला साडेछत्तीस हजार लिटर पुरतात. चाळीस हजार लिटरांची झाकलेली टाकी बांधली, की त्या जोडप्याचा कडक उन्हाळा गावाच्या विहिरीला हात न लावता निघतो. समुद्र दिसणाऱ्या बंगल्याच्या किमतीत या टाकीचा खर्च किती, हे बिल्डर आपल्याला माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

तेव्हा मागणी अशी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतेच. किनाऱ्यावरच्या कोणत्याही गृहप्रकल्पाच्या रेखांकनाला जवळच्या निरीक्षण विहिरीची मेमधली पातळी आणि पाण्याचा खारेपणा जोडणे बंधनकारक करावे. ज्या गावात गेल्या काही उन्हाळ्यांत टँकर लागला, तिथे नव्या घरांना बोअरवेलऐवजी टाकीची अट घालावी आणि टाकी पाहिल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. जिथे हे जमत नाही तिथल्या प्रकल्पांना पूररेषा सांभाळून कुडाळ, कणकवली, सावंतवाडीसारख्या रेल्वे आणि दवाखाने असलेल्या गावांच्या आसपास जागा दाखवावी. समुद्र तिथून दिसत नाही हे खरे, पण सत्तरीनंतर समुद्रापेक्षा डॉक्टर जवळ असलेला बरा.

यासाठी नवा कायदा लागत नाही, नियमावलीत दुरुस्ती पुरते. मेची नोंद दरवर्षी होते. ती जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात पाठवण्याचे पत्र येत्या उन्हाळ्याआधी आपल्या सहीने निघावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
सिंधुदुर्गातील एक नागरिक